मिकासापासून माबुनीपर्यंत : जपानमधले सहा दिवस

पहिला दिवस : योकोसुका

माझी लेक टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहते. तिथे इतकी भारतीय घरं आहेत, की सकाळी जिन्यात मोहरीच्या फोडणीचा वास आला तरी कुणाला नवल वाटत नाही. 2024 च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेले. "आई, फुजी आणि क्योतो करू या," असं ती म्हणत होती, पण मी घरूनच वेगळी यादी करून नेली होती. तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात जपान एकदम पर्ल हार्बरवर उगवायचा आणि हिरोशिमाला संपायचा. मधे काय झालं, आधी काय झालं, असं मुलं विचारायची आणि माझं उत्तर अपुरं पडायचं.

दुसरं कारण घरचं. आमच्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी त्सुशिमाच्या लढाईची गोष्ट सांगितली होती आणि आजोबांनी ती आम्हा नातवंडांना सांगितली. एवढासा आशियाई देश, त्याने रशियाच्या झारचं अख्खं आरमार बुडवलं! आजोबा मास्तर होते, गोष्ट रंगवून सांगायचे. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, मराठा पलटणीत होते. 1944 साली मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जपान्यांची गोळी त्यांच्या मांडीत शिरली. आजोबांची गोष्ट सुरू झाली की तात्या न बोलता उठायचे आणि गोठ्यात जाऊन बसायचे. आजोबांचा जपान आणि तात्यांचा जपान एकच होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून सुरुवात योकोसुकापासून. निहोनबाशीला गाडी बदलून तासाभराच्या वर लागला. स्टेशनापासून पंधरा मिनिटं चाललं की समुद्राकाठी बाग लागते आणि बागेत 'मिकासा' उभी आहे. अ‍ॅडमिरल तोगो यांची हीच ती युद्धनौका. ती आता पाण्यावर नाही. तळ काँक्रीटमध्ये पक्का बसवलाय आणि तोंड टोकियोतल्या राजवाड्याच्या दिशेला केलंय.

वरच्या उघड्या पुलावर तोगो जिथे उभे होते ती जागा दाखवली आहे. तिथे मी बराच वेळ थांबले. 27 मे 1905. रशियाचा ताफा बाल्टिकमधून निघून, आफ्रिकेला वळसा घालून, हिंदी महासागर ओलांडून सात महिन्यांनी इथवर आलेला, माणसं आणि यंत्रं दोन्ही थकलेली. तोगो कोरियाच्या किनाऱ्यावर त्यांची वाट पाहत बसलेले. दोन दिवसांत रशियाची वीसहून अधिक जहाजं बुडाली, चार हजारांवर माणसं गेली. जपानची माणसं गेली शंभरावर आणि बुडाल्या फक्त तीन टॉर्पेडो बोटी. ही बातमी हिंदुस्थानात आली तेव्हा पारतंत्र्यातल्या माणसांना काय वाटलं असेल, ते आजोबांच्या आवाजात मी ऐकलेलं आहे. त्या काळी पोरवयात असलेल्या नेहरूंनीसुद्धा लिहून ठेवलंय, की जपानच्या विजयाच्या बातम्यांसाठी ते रोज वर्तमानपत्राची वाट पाहत.

आजोबांच्या गोष्टीत दोन गोष्टी नव्हत्या. एक, मिकासा जपानने बांधलेली नाही. ती इंग्लंडमध्ये बॅरो इथे व्हिकर्स कंपनीने बांधली आणि 1902 साली जपानच्या हवाली केली. ते युद्ध लढायला पैसासुद्धा लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारातून कर्जाऊ उभा केलेला. दुसरी जास्त महत्त्वाची. सप्टेंबर 1905 मध्ये तह झाला, त्यात जपानला दक्षिण सखालिन, पोर्ट आर्थर आणि मांचुरियातली, म्हणजे ईशान्य चीनमधली, रेल्वे मिळाली, पण रशियाने नुकसानभरपाईचा एक रूबलही दिला नाही. दहा वर्षांपूर्वी चीनला हरवल्यावर मात्र भरभक्कम खंडणी मिळाली होती, तैवान मिळालं होतं. युद्ध म्हणजे घरात काहीतरी येतं, ही सवय तेव्हाच लागली असावी. त्यामुळे टोकियोतल्या हिबिया बागेत लोक जमले आणि दंगल पेटली, पोलिस चौक्या जाळल्या, शहरात लष्करी कायदा लावावा लागला. जिंकलेल्या देशाच्या राजधानीत, विजय कमी पडला म्हणून!

त्याच नोव्हेंबरात कोरिया जपानच्या 'संरक्षणाखाली' गेला आणि 1910 साली पुरता गिळला गेला. मांचुरियातल्या त्या रेल्वेच्या राखणीला जे सैन्य ठेवलं, त्याचीच पुढे क्वांतुंग फौज झाली. 1931 च्या सप्टेंबरात तिच्या अधिकाऱ्यांनी मुकदेनजवळ आपल्याच रुळांवर स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घेतला आणि सगळा मांचुरिया व्यापला. टोकियोतल्या सरकारला विचारलंसुद्धा नव्हतं. सरकारने मग ते निमूट मान्य केलं.

दुपारी कढी-भातासारखं दिसणारं 'कैगुन करी' खाल्लं, म्हणजे आरमाराची करी. आपल्याकडचा मसाला इंग्रज नौदलाने नेला, त्यांच्याकडून तो जपानी नौदलाने घेतला. दाट, गोडसर, बरोबर दुधाचा पेला. बागेच्या पलीकडे अमेरिकन नौदलाचा तळ आहे. महायुद्धानंतर मिकासाची पार दुर्दशा झाली होती, डेकवर नाचघर काढलं होतं. ती पुन्हा उभी राहावी म्हणून पुढे आलेल्यांत अमेरिकेचे अ‍ॅडमिरल निमित्झ होते. त्यांनीच जपानी आरमार संपवलं होतं, आणि तोगोंविषयी त्यांना फार आदर होता.

दुसरा दिवस : यासुकुनी आणि कितासुना

निशी-कासाईहून थेट मेट्रोने कुदानशिता. बाहेर पडलं की यासुकुनीचं प्रचंड पोलादी तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, दिसतं. गिंकोची झाडं पिवळी झाली होती, सगळा रस्ता हळद सांडल्यासारखा. 1869 साली स्थापलेल्या या देवस्थानात देशासाठी लढून मेलेल्या चोवीस लाखांहून अधिक जणांना देवत्व दिलेलं आहे. 1978 साली त्यांत चौदा वरिष्ठ युद्धगुन्हेगारांची नावं मिसळली गेली, पंतप्रधान तोजोंचंही. सम्राट हिरोहितो 1975 नंतर इथे आले नाहीत, त्यांच्या मागून आलेले सम्राटही नाहीत.

आवारातल्या युशुकान संग्रहालयात शिरताच 'झिरो' हे जपानी लढाऊ विमान आणि त्याच्याजवळ एक काळं वाफेचं इंजिन, 'सी 56'. चकचकीत पुसलेलं. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलेलं हे इंजिन आहे. फलकावर मार्ग किती अवघड होता, किती लवकर पुरा झाला वगैरे आहे. त्या 415 किलोमीटर लोहमार्गावर सुमारे साठ हजार दोस्त युद्धकैदी राबवले गेले, त्यातले बारा हजारांहून जास्त मेले. त्याहून किती तरी अधिक आशियाई मजूर मेले: ब्रह्मी, मलय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ. कॉलरा, उपासमार, मार. तमिळ मजुरांची तर धड मोजदादही कुणी ठेवली नाही. इंजिनासमोर माणसं फोटो काढत होती. मला तिथे उभं राहवेना.

वरच्या मजल्यावर सगळं युद्ध ओळीने मांडलंय. मांडणी अशी, की जपानला कोंडीत धरलं गेलं म्हणून लढावं लागलं, आणि त्याच्या लढण्याने आशियाचे देश स्वतंत्र झाले. चीनमधल्या नानकिंगच्या फलकावर सामान्य माणसांच्या कत्तलीचा उल्लेख मला सापडला नाही. डिसेंबर 1937 मध्ये ते शहर पडल्यावर पुढचे काही आठवडे तिथे खून आणि बलात्कार चालले होते. ज्या वर्गाला मी हे शिकवलं त्या वर्गातली मुलं सातारच्या खेड्यांतली होती. त्यांना ते ठाऊक आहे आणि इथल्या फलकाला नाही, हे पाहून मन फार उदास झालं.

बाहेर न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे, 2005 साली उभारलेलं. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटे न्यायाधीश. भारतीय म्हणून इथे उभं राहिलं की जपानी माणसं आदराने बघतात. एका आजोबांनी मला वाकून नमस्कार केला. पण पालांचं म्हणणं काय होतं? जिंकलेल्यांनी मागाहून कायदा करून हरलेल्यांना शिक्षा देणं हा न्याय नव्हे, असं. जपानी सैन्याने नागरिकांवर आणि कैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, हे त्याच निकालपत्रात त्यांनी नोंदवलंय. पुतळा-स्मारकांवर तेवढं मात्र कोरत नाहीत.

इंफाळच्या भागात मी तात्यांना शोधत होते. मार्च 1944 मध्ये जनरल मुतागुचींनी चिंदविन नदी ओलांडून तीन डिव्हिजन हिंदुस्थानावर सोडल्या. बरोबर आझाद हिंद सेना. शिधा तीन आठवड्यांचा; इंफाळ पडलं की इंग्रजांच्या कोठारावर जगायचं असा हिशेब. बरोबर गुरांचे कळप हाकत नेले, म्हणजे ओझंही वाहतील आणि खाताही येतील. ती गुरं नदीत आणि डोंगरात गेली. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की गाय-बैल त्या चढणीवर चालत नाहीत. सांगशाकच्या टेकडीवर 22 ते 26 मार्च अशी लढाई झाली. पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठाची चौथी बटालियन होती, पाण्यावाचून. ती टेकडी शेवटी सोडावी लागली, पण त्या चार-पाच दिवसांत इंफाळ-कोहिमाला सावरायला वेळ मिळाला. कोहिमाकडे गेलेल्या डिव्हिजनचे जनरल सातो अन्न येईना म्हणून वरचा हुकूम मोडून मागे फिरले. परतीच्या पावसाळ्यात जपानी सैनिक रस्त्याच्या कडेने भुकेने आणि हगवणीने मरत गेले. एकूण तीस हजारांच्या आसपास गेले. तात्या एकदाच, आजारपणात, आईला म्हणाले होते, "पोरं होती गं ती. हाडं नुसती." कोण पोरं ते आईने विचारलं नाही.

मग बाहुल्या. पांढऱ्या कापडातल्या, काचेच्या पेटीतल्या नवऱ्या मुली. लग्न न होता मेलेल्या मुलाला दुसऱ्या जगात बायको असावी म्हणून आयांनी देवस्थानाला अर्पण केलेल्या. त्या पेट्यांपुढे लेकीने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो.

दुपारी कितासुना. निशी-कासाईपासून अगदी जवळ, साध्या गल्लीत, टोकियोवरच्या हवाई हल्ल्यांचं छोटं संग्रहालय आहे. लोकांच्या वर्गणीतून 2002 साली उभं राहिलेलं. रविवार असूनही आत पाच-सात माणसं. 10 मार्च 1945 च्या मध्यरात्रीनंतर सुमारे अडीच तासांत अमेरिकेच्या 279 बी-29 विमानांनी या सखल, लाकडी घरांच्या वस्तीवर आगीचे बाँब टाकले. सोसाट्याचा वारा होता. एका रात्रीत अंदाजे एक लाख माणसं गेली, दहा लाख बेघर झाली. सुमिदा नदीत उड्या मारलेलेही वाचले नाहीत. सरकारने कायदाच केला होता, की आग लागली तर पळायचं नाही, विझवायची. भिंतीवर त्यासाठीची बादली टांगलीय. आणि खेड्यात हलवलेली सहावीची मुलं परीक्षेनंतरच्या निरोपाच्या समारंभासाठी नेमकी त्याच सुमारास आईबापांकडे परत आली होती.

शहरावर वरून आग टाकून माणसं हैराण करायची, हे तंत्र जपानने 1938 पासून पाच वर्षं चीनमधल्या चोंगचिंगवर वापरलं होतं. यामुळे टोकियोच्या मुलांचं मरण हलकं होत नाही. तसं कुणी म्हणायला लागलं की मला राग येतो. पण यासुकुनीच्या संग्रहालयाच्या मानाने हे चार खोल्यांचं संग्रहालय मला मोठं वाटलं, कारण इथे मेलेल्यांना वीर केलेलं नाही.

तिसरा दिवस : कुरे

पहाटे शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. चार तासांत हिरोशिमा, तिथून समुद्राच्या कडेकडेने जाणारी कुरे लाईन. खाडीत कालवांच्या शेतीचे तराफे. रत्नागिरीच्या खाडीची आठवण झाली.

यामातो संग्रहालयात जगातल्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेची एक दशांश प्रतिकृती आहे, तीच 26 मीटर लांब. मूळ यामातो याच गावात, छप्पर टाकलेल्या गोदीत, गुपचूप बांधली. मिकासा विकत घेतली, यामातो घरी बांधली, आणि मधे गेली चाळीसच वर्षं. हे कौतुक वाटतंच, आणि का वाटू नये? कुरेच्या कामगारांनी जे शिकून घेतलं त्याच्या बळावर युद्धानंतर इथे प्रचंड तेलवाहू जहाजं बांधली गेली. पण ही नौका झाली 1941 च्या डिसेंबरात. त्याच आठवड्यांत जपानी विमानांनी पर्ल हार्बर गाठलं आणि मलायाच्या समुद्रात इंग्रजांच्या दोन मोठ्या युद्धनौका नुसत्या विमानांनी बुडवल्या. म्हणजे 46 सेंटिमीटरच्या तोफांचे दिवस संपले हे जपानने जगाला स्वतःच दाखवून दिलं आणि मग स्वतःच त्या तोफा घेऊन बसला.

तेलाचं कोडं मला कुरेत नीट उलगडलं. 1940 च्या सुमाराला जपानचं पाचातलं चार हिस्से तेल अमेरिकेतून यायचं. चीनमधलं युद्ध संपेना, ते चालवायला तेल हवं. तेलासाठी दक्षिणेकडे सरकायचं. जुलै 1941 मध्ये दक्षिण इंडोचायनात सैन्य घातल्यावर अमेरिकेने तेलच तोडलं. तेव्हा चीनमधून मागे यायचं, नाहीतर डच ईस्ट इंडीजच्या विहिरी हिसकवायच्या. मागे येणं म्हणजे चार वर्षांतली मेलेली माणसं फुकट गेली असं कबूल करणं, आणि ते म्हणायची कुणाची तयारी नव्हती. मला वाटतं, 1905 साली हिबिया बागेत जे पेटलं होतं त्याची धास्ती या मंत्र्यांच्या मनात खोलवर बसलेली असणार. सहा महिन्यांत त्यांनी सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, अंदमान घेतलं. विहिरी हाती आल्या, पण ते तेल जपानला आणायचं जहाजांतून, आणि ती जहाजं अमेरिकन पाणबुड्या एकेक करून बुडवत गेल्या. शेवटच्या वर्षी खेड्यापाड्यांत शाळेतल्या मुलांना पाइनची मुळं खणायला लावली, त्यातून तेल गाळायचं म्हणून.

आणि यामातो? तिचा बराचसा काळ नांगर टाकून गेला. 6 एप्रिल 1945 ला तिला ओकिनावाकडे पाठवली. डोक्यावर विमानांचं छत्र नाही, परत येण्याचा बेत नाही. दुसऱ्या दिवशी दोन तासांत बुडाली. तीन हजारांवर माणसं होती, तीनशेही वाचली नाहीत. संग्रहालयात त्यांची शेवटची पत्रं आहेत. लेक एक वाचून दाखवायला लागली, 'आई, तब्येतीला जप' इथे तिचा आवाज थांबला. पुढचं मी तिला वाचू दिलं नाही.

संध्याकाळी बसने 'इतिहास दिसणारी टेकडी' नावाच्या जागी गेलो. नाव खरंच तसं आहे. खाली ती गोदी बुजवलेली, पण तिचं छप्पर अजून शाबूत आणि त्याखाली जहाजबांधणीचं काम चालूच. शेजारचा पोलाद कारखाना 2023 मध्ये बंद झाला. थंडगार भट्ट्यांवर ऊन उतरत होतं.

चौथा दिवस : हिरोशिमा

शांती संग्रहालयाबद्दल मी फार लिहिणार नाही. तीन चाकांची जळकी सायकल, डबा, घड्याळ हे सगळ्यांनी चित्रांत पाहिलेलं असतं, तरी प्रत्यक्ष पाहताना गुडघे दुखेपर्यंत माणूस उभा राहतो. 1945 च्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली.

मला जास्त वेळ किल्ल्यात घालवायचा होता. तिथे झाडांखाली दगडी जोत्याचे अवशेष आहेत, कुणी फिरकत नाही. 1894 साली चीनशी युद्ध सुरू झालं तेव्हा इथे शाही लष्करी मुख्यालय होतं. सम्राट मेजी स्वतः सात महिने इथे येऊन राहिले, संसदेचं अधिवेशनही याच गावात भरलं. कारण रेल्वे तेव्हा इथवर आली होती आणि उजिना बंदर जवळ होतं. बंदरापर्यंतचा जोडमार्ग अवघ्या सतरा दिवसांत टाकला. पुढची पन्नास वर्षं कोरिया, चीन, मलाया, जिकडे सैन्य गेलं त्यातलं कितीतरी याच धक्क्यावरून गेलं. गावोगावच्या माणसांनी झेंडे हलवून निरोप दिले. ज्या शहरातून पहिलं मोठं परदेशी युद्ध चालवलं त्याच शहरावर बाँब पडला, हे मी एवढी वर्षं शिकवताना एकदाही सांगितलं नव्हतं. सूड म्हणून नव्हे. बाँबखाली जी पोरं गेली त्यांचा 1894 शी काय संबंध? पण 'हिरोशिमा' हा शब्द 6 ऑगस्टच्या सव्वाआठला सुरू होत नाही, एवढं मुलांना कळायला हवं होतं.

त्या जोत्यापासून जवळच जमिनीत अर्धं गाडलेलं लष्करी तळघर आहे. आत जायला बंदी. तिथे फोनवर काम करायला शाळकरी मुलींना बसवलं होतं. हिरोशिमा बेचिराख झाल्याची पहिली खबर बाहेरच्या जगाला त्यांतल्याच एकीने दिली.

शांती बागेत कासवाच्या पाठीवर उभा असलेला कोरियन बळींचा स्तंभ आहे. राबायला आणलेली, पोटासाठी आलेली हजारो कोरियन माणसं इथे मेली. 1970 साली तो बागेच्या बाहेर उभारला होता, आत यायला 1999 उजाडलं. कागदी करकोच्यांच्या माळा होत्या. शाळेची सहल आली होती, मुलं टोप्या काढून उभी राहिली.

पाचवा दिवस : नाहा

विमानाने दोन तासांच्या आत ओकिनावा. हवा एकदम आपली, कोकणासारखी दमट. जेवायला 'गोया चानपुरू', म्हणजे कारल्याची भाजी, त्यात अंडं आणि टोफू. कारलं पाहून लेकीपेक्षा मलाच आनंद झाला.

ओकिनावा मुळात जपान नव्हतं. इथे र्‍युक्यूचं राज्य होतं, चीनशी आणि जपानशी दोघांशी सांभाळून राहणारं. 1879 साली टोकियोने सैन्य आणि पोलिस पाठवून राजाला शुरीच्या राजवाड्यातून बाहेर काढलं आणि त्याला टोकियोला नेऊन ठेवलं. तैवान, कोरिया, मांचुरिया या सगळ्यांच्या आधी. शाळेत घरची भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. 1945 च्या लढाईत तर लष्कराने फर्मानच काढलं, की ओकिनावाच्या बोलीत बोलणाऱ्याला हेर समजावं.

शुरीचा किल्ला 2019 मध्ये आगीत गेला, तो पुन्हा बांधताहेत. त्याच्या पोटात लष्कराचं भूमिगत मुख्यालय होतं. आम्ही गेलो तोमिगुसुकूच्या टेकडीखालच्या नौदलाच्या भुयारात. कुदळींनी खणलेलं, भिंतींवर अजून घाव दिसतात. एका खोलीच्या भिंतीभर बारीक खड्डे आहेत. तिथे अधिकाऱ्यांनी हातबाँबने जीव दिला. इथले सेनापती ओता यांनी 6 जूनला टोकियोला तार पाठवली होती. तीत स्वतःच्या पराक्रमाबद्दल काही नाही. इथल्या लोकांनी घरदार, मुलं, म्हातारी माणसं सगळं झोकून दिलं, पुढे त्यांच्याकडे खास लक्ष द्यावं, एवढंच. सगळ्या प्रवासात वाचलेल्या लष्करी कागदांपैकी हा एकच मला माणसाने लिहिल्यासारखा वाटला.

सहावा दिवस : इतोमान आणि माबुनी

नाहाहून 89 नंबरची बस इतोमानपर्यंत, तिथून 82. उसाची शेतं, मधेच कासवाच्या पाठीसारखी थडगी.

फेब्रुवारी 1945 मध्ये माजी पंतप्रधान कोनोए यांनी सम्राटांना सांगितलं होतं, की पराभव अटळ आहे, आता थांबावं. आणखी एकदा रणात यश मिळाल्याशिवाय ते कठीण आहे, असं उत्तर आलं. त्यानंतर 10 मार्चचं टोकियो झालं, आणि 1 एप्रिलला अमेरिकन सैन्य ओकिनावावर उतरलं. मेच्या अखेरीस शुरी टिकत नाही हे दिसल्यावर सेनापती उशिजिमांनी शरण न जाता दक्षिणेला सरकायचं ठरवलं. दक्षिणेला तर बायकापोरं आसऱ्याला गेलेली. सैनिक, जखमी आणि ती सगळी माणसं एकाच टोकाला चेपली गेली. मुख्य भूमीवरच्या चढाईला जेवढा उशीर होईल तेवढा करायचा, म्हणून. ओकिनावातल्या साधारण चारांतला एक माणूस मेला.

हिमेयुरी संग्रहालय एका गुहेच्या तोंडाशी आहे. मुलींच्या दोन शाळांतल्या 222 विद्यार्थिनी आणि 18 शिक्षकांना लष्करी इस्पितळाच्या कामाला नेलं: मलमपट्टी, कापलेले हातपाय बाहेर टाकणं, गोळ्यांच्या पावसात पाणी आणणं. 18 जूनला त्यांना सांगितलं, तुमचं पथक संपलं, आपापलं बघा. बाहेर लढाई चालू. विद्यार्थिनी आणि शिक्षक मिळून 136 जण मेले, त्यातले बहुतेक या हुकुमानंतरच्या काही दिवसांत. एका खोलीत त्यांचे फोटो आहेत. खाली दोन-चार ओळी: ही गायची, ही धावण्यात पहिली यायची, हिला शेवटचं अमुक ठिकाणी पाहिलं. काही चौकटी रिकाम्या, कारण फोटोच उरला नाही. मी शाळेत तीस वर्षं वर्गशिक्षिका होते. अशा दोन-चार ओळी मी प्रगतिपुस्तकावर लिहीत असे. त्या खोलीत मी बाकावर बसले ते कितीतरी वेळ उठले नाही. लेकीने पुढची बस सोडून दिली.

माबुनीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. कड्याखाली समुद्र. काळ्या दगडाच्या भिंती लाटांसारख्या एकामागे एक, त्यांवर दोन लाख बेचाळीस हजारांच्या वर नावं. ओकिनावाच्या लढाईत मेलेल्यांचं हे स्मारक 23 जून 1995 ला खुलं झालं, अजून दर जूनला नवी नावं भरतात. ओकिनावाची माणसं गावागावांनी, मग जपानच्या इतर प्रांतांची, आणि त्यांच्याच रांगेत चौदा हजार अमेरिकन, ब्याऐंशी ब्रिटिश, तैवानचे, कोरियाचे. मारणारे आणि मेलेले असं वेगळं केलेलं नाही. हे पटतं का, असं लेकीने विचारलं. यासुकुनी पाहून आले नसते तर पटलं नसतं, असं मी म्हटलं. तिथेही मेलेल्यांची नावं आहेत, पण एकाच बाजूची. कोरियाच्या दगडांवर मात्र बरीच जागा कोरी आहे. किती जण आणले आणि किती मेले ते कळलंच नाही, आणि काही घरच्यांना आपलं नाव इथे नको आहे.

तात्या असते तर त्यांना मी इथे आणलं असतं. ते काही बोलले नसते, पण इथून उठून गेले नसते असं वाटतं.

ओकिनावाच्या गावांपाशी एक आजी आल्या, पाठीत वाकलेल्या. पिशवीतून बाटली काढून त्यांनी दगडावर पाणी ओतलं, हाताने पुसलं, एका नावावर बोट ठेवून बसल्या. आम्ही थोडं लांब सरकलो. तिथल्या भिंतीवर लेकीने एक ओळ वाचली आणि पुन्हा वाचली.

"काय लिहिलंय?"

"नाव नाहीये, आई. बापाचं नाव आहे आणि पुढे 'थोरला मुलगा'. खाली 'दुसरी मुलगी'. त्याच्या खाली नुसतं 'मूल'."

बारसं व्हायच्या आधी गेलेलं असेल, किंवा नाव सांगायला घरातलं कुणीच उरलं नसेल. आजींनी जाताना बाटलीत राहिलेलं पाणी आमच्याकडे दिलं आणि त्या ओळीकडे मान हलवली. आम्ही ते ओतलं. काळ्या दगडावर अक्षरं ओली होऊन ठळक झाली, आणि बस येईपर्यंत तशीच दिसत होती.